हलवलेलं देऊळ : योंगले गोंगमध्ये नेमकं काय टिकलं?

मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं.

गेल्या वेळी दगडी देवळांवर बोलून झालं आणि प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, की देऊळ एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी उभं केलं तर ते तेच देऊळ राहतं का? मी पटकन ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. ‘मग ती प्रदर्शनातली वस्तू होते,’ असंही वर म्हणालो. घरी जाताना ते उत्तर खुपायला लागलं. कारण हलवलेलं एक देऊळ मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि तिथं उभा असताना ते मला काही वस्तू वाटलं नव्हतं. मग इतक्या ठामपणे ‘नाही’ आलं कुठून? तर आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा. पूर्ण माघार नाही, दुरुस्ती.

देऊळ चीनमधलं. शान्सी प्रांताच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला, पीत नदीच्या उत्तरेला रुईचंग नावाचं तालुक्याएवढं गाव आहे. त्याच्याजवळ योंगले गोंग. ‘गोंग’ म्हणजे प्रासाद. ताओपंथी मोठ्या देवळांना हा शब्द लावतात. युनचंग शहरापर्यंत रेल्वेनं जायचं, तिथून बसनं डोंगर ओलांडून रुईचंगला उतरायचं. प्रवासाचं वर्णन एवढंच पुरे.

या देवळाबद्दल जे लिहिलं जातं, ते साधारण दोन प्रकारचं असतं. एक, भित्तिचित्रांची स्तुती: किती आकृत्या, किती चौरस मीटर. दोन, स्थलांतराची स्तुती: आख्खं देऊळ उचलून कसं नेलं. दोन्ही स्तुत्या खऱ्या आहेत. पण दोन्हींत इमारत गळून पडते. चित्रवाल्यांना ती चित्रांमागची भिंत वाटते, स्थलांतरवाल्यांना हलवायचं ओझं. माझं म्हणणं असं, की चित्रं कळायची असतील आणि स्थलांतरात काय साधलं, काय हुकलं हेही कळायचं असेल, तर आधी इमारतीकडे बघायला हवं.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. आर्किटेक्चरच्या वर्गात ‘ताओ’ शब्द निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे धुकं, डोंगरकडा, कड्याला लटकलेली झोपडी आणि पोकळीचं तत्त्वज्ञान येतं. वुडांगच्या डोंगरावरची देवळं पाहिली तर त्यात थोडं तथ्यही आहे. पण योंगले गोंगमध्ये तुम्ही धुकं शोधायला गेलात तर निराश व्हाल. ते सरळ, दक्षिणाभिमुख, एका अक्षावर ओळीनं उभं केलेलं, राजवाड्याच्या शिस्तीचं बांधकाम आहे. लाकडी सांगाडा, दगड-विटांचं जोतं, चकाकत्या कौलांचं छप्पर. हाच सांगाडा बौद्ध मठाला, हाच कन्फ्यूशियसच्या मंदिराला आणि हाच सम्राटाच्या दरबाराला. ११०३ मध्ये सोंग राजवटीत ‘यिंगझाओ फाशी’ नावाचा बांधकामाच्या नियमांचा सरकारी ग्रंथ निघाला. त्यात लाकडाची मापं इमारतीच्या दर्जाप्रमाणे ठरतात, आत कोणता देव बसणार आहे यावर नाही. म्हणजे ‘ताओपंथी वास्तुशैली’ अशी वेगळी शैली शोधणं व्यर्थ आहे. ताओपंथी काय आहे, तर कोणाला कुठं बसवलं, कोणाच्या मागे कोण आणि माणसानं कुठून कसं चालायचं, ते.

इथं आपली मराठी उपयोगाला येते. चिनी सुतार इमारत मोजतो ती दोन खांबांमधल्या अंतरांत. त्याला ते ‘ज्येन’ म्हणतात. आपण वाड्याचं वर्णन करताना म्हणतो ना, ‘दोन खणी’, ‘पाच खणी’? तोच हिशेब. इंग्रजी पुस्तकात वाचताना विद्यार्थी इथं अडखळतात. आपल्याला अडखळायचं कारण नाही. सात खण रुंद, चार खण खोल म्हटलं की वाड्यात वाढलेल्या माणसाला लगेच कळतं. तर खण हाच शब्द आज मी वापरणार आहे.

आता इतिहास, थोडक्यात. ल्यू डोंगबिन हा ताओपंथीयांच्या आठ अमरांपैकी सगळ्यांत लोकप्रिय. त्याचं जन्मगाव म्हणून परंपरा योंगले या नदीकाठच्या गावाचं नाव सांगते. तिथं त्याचं एक ठाणं होतं, ते १२४४ मध्ये जळालं. तोपर्यंत उत्तर चीन मंगोलांच्या ताब्यात गेलेला होता आणि ताओपंथातल्या छ्वानझेन संप्रदायाला चांगले दिवस आले होते. त्याचं कारण राजकीय आहे. संस्थापक वांग चोंगयांगचा शिष्य छ्यू छूजी हा सत्तरी ओलांडलेला साधू हजारो मैल चालून १२२२ मध्ये हिंदुकुशच्या परिसरात चंगीझखानाला भेटला. खानानं अमरत्वाचं औषध विचारलं. साधूनं सांगितलं, औषध नाही, आयुष्य जपायचे मार्ग आहेत. खान खूश झाला आणि संप्रदायाला करमाफी मिळाली. करमाफी मिळाल्यावर काय होतं ते आपल्याला इनामांच्या इतिहासावरून माहीत आहेच. (हशा)

जळालेल्या ठाण्याच्या जागी १२४७ मध्ये काम सुरू झालं. मुख्य दालनं १२६२ पर्यंत उभी राहिली. आतलं मोठं द्वार १२९४ मध्ये झालं. पहिल्या दालनातली चित्रं १३२५ मध्ये आणि दुसऱ्या दालनातली १३५८ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांत युआन राजवटच संपली. म्हणजे एक राजवट जवळजवळ आख्खी या एका देवळात खर्च झाली. मधल्या काळात संप्रदायाला फटकेही बसले. १२५८ मध्ये बौद्धांबरोबरच्या दरबारी वादात ताओपंथी हरले, आणि १२८१ मध्ये कुब्लाईखानाने त्यांचे बरेच ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. हे लक्षात ठेवा, कारण पहिल्या दालनाचा थाट पाहिल्यावर वाटेल की यांना कधी कशाची चिंताच नव्हती.

आता चालू या. पुढची स्लाइड.

बाहेरचं द्वार नंतरच्या काळातलं आहे. त्यातून आत गेलं की युआन काळातलं द्वार लागतं, पाच खणांचं. त्यातून बाहेर पडलं की समोर लांबच लांब उंचावलेला रस्ता आणि त्याच्या टोकाला पहिलं दालन, सानछिंग म्हणजे ‘तीन विशुद्धां’चं. दोन्ही अंगांना काही नाही. मी हे पुन्हा सांगतो, कारण चित्रांच्या पुस्तकांत हे दिसत नाही: दोन्ही अंगांना काही नाही. नेहमीच्या चिनी देवळात मुख्य दालनासमोर डावी-उजवीकडे उपदालनं असतात, त्यातून चौक तयार होतो. इथं तसा चौक नाही. तुम्ही उघड्यावर, एकटे, त्या मोठ्या छपराकडे चालत राहता.

ते छप्पर चौपाखी आहे, चारही बाजूंनी उतरणारं. चिनी दर्जात सर्वांत वरचं. गावातल्या देवळाला हे छप्पर मिळालं यातच दरबारी आश्रय दिसतो. आढ्याच्या दोन्ही टोकांना चकाकत्या मातीचे प्रचंड नाग, म्हणजे ड्रॅगन, जवळजवळ तीन मीटर उंच, निळ्या-हिरव्या रंगाचे. खालून ते लहान वाटतात. छप्पर किती मोठं आहे त्याचा अंदाज त्यावरून करा.

या दालनाच्या मागे छुनयांग दालन, ते ल्यू डोंगबिनचं. पाच खण. त्याच्या मागे चोंगयांग दालन, संस्थापक वांग आणि त्याच्या सात शिष्यांचं. तेही पाच खण, पण आकारानं आणखी लहान. दालनांमधली अंतरंही मागे मागे कमी होत जातात. आपल्याकडे देवळात काय होतं? मंडपातून अंतराळात, अंतराळातून गाभाऱ्यात. अंधार वाढत जातो आणि सगळ्यांत मोठी गोष्ट शेवटी, सगळ्यांत लहान खोलीत असते. इथं सगळ्यांत मोठी गोष्ट सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्या खोलीत. आधी विश्वाचे अधिपती, मग अमर झालेला माणूस, मग संप्रदाय काढणारा माणूस. जसजसं आत जावं तसतसं दैवत माणसाच्या जवळ येतं आणि इमारत लहान होते. हा क्रम कोणा एका कलावंताचा नाही, तो संप्रदायाचा युक्तिवाद आहे: आमचे गुरू लहान असतील, पण ते त्या मोठ्यांच्या थेट रेषेत बसलेले आहेत. दरबारात वाद हरलेल्या लोकांना ही रेषा फार महत्त्वाची होती.

सानछिंग दालनात शिरू. सुमारे अठ्ठावीस मीटर रुंद, पंधरा मीटर खोल. सात खण आणि चार खण. हिशेब करा, प्रत्येक छेदावर खांब उभा केला असता तर आत अठरा खांब आले असते. आहेत आठच, आणि तेही मागच्या अर्ध्यात. पुढचा अर्धा भाग पूर्ण मोकळा. छपराचा भार लांब तुळयांवरून फिरवून घेतलाय. उत्तर चीनमधले सुतार हे खांब कमी करण्याचं काम त्या शतकांत हौसेनं करत होते. काही ठिकाणी त्यात धाडस जास्त आणि शहाणपण कमी असतं, तुळया वाकलेल्या दिसतात. इथं मात्र ते नेमक्या कारणासाठी केलंय.

कारण भिंती. पुढच्या बाजूला मधल्या पाच खणांत जाळीची दारं आहेत. बाकी सगळीकडे बंद भिंत; मागच्या बाजूला फक्त मधल्या खणात एक दार. खिडकी नाही. दालनाच्या मध्यभागी तीन बाजूंनी भिंत घातलेला कोनाडा, त्यात तीन विशुद्धांच्या मूर्ती. (आज दिसतात त्या मूळच्या नाहीत.) म्हणजे बाहेरची भिंत आणि आतल्या कोनाड्याची भिंत यांच्यामध्ये एक प्रदक्षिणापथ तयार होतो, आणि त्या पथाच्या दोन्ही भिंतींवर चित्र. चारशे चौरस मीटरहून जास्त. चित्राची उंची सव्वाचार मीटर.

चित्राचा विषय: आदितत्त्वाला वंदन करायला निघालेले देव. जवळजवळ तीनशे आकृत्या. आठ मुख्य देवता, राजांच्या पोशाखात, सुमारे तीन मीटर उंच. त्यांच्याभोवती तीन-चार ओळींत बाकीचे, माणसापेक्षा थोडे मोठे. दाराजवळ दोन्ही बाजूंना हिरवा नाग आणि पांढरा वाघ या दिशांचे अधिपती, मिरवणुकीच्या पुढं चालणाऱ्या भालदार-चोपदारांसारखे. रेषा लांब, एकसारख्या जाडीची, तारेसारखी ताणलेली. काही ठिकाणी खांद्यापासून घोट्यापर्यंत एकच रेघ उतरते. मी हात धरून मोजण्याचा प्रयत्न केला, की चित्रकार मध्ये कुठं थांबला असेल. नाही सापडलं. दागिन्यांच्या कडा उठावदार करून त्यावर सोनं लावलंय. दारातून येणारा उजेड तिरपा पडला की फक्त ते सोनं उजळतं आणि बाकी चित्र मागे राहतं.

आता गंमत अशी, की हे चित्र एका नजरेत दिसूच शकत नाही. पथ अरुंद आहे, मागं सरकायला जागा नाही. पुस्तकात पूर्व भिंत सलग एका पानावर छापलेली असते. ती पाहून आपण म्हणतो, केवढी भव्य रचना! पण तशी ती तिथं उभं राहून कोणीच कधी पाहिलेली नाही. तुम्हाला दिसतात ते समोरचे आठ-दहा चेहरे. मग चार पावलं पुढे, आणखी आठ-दहा. तुम्ही चालता आणि तेही चालत असतात. बराच वेळ मी त्यांना ‘पाहत’ होतो आणि मग लक्षात आलं की मी त्या रांगेत आहे. माझ्याही डाव्या हाताला कोनाडा, त्यात ते तिघं, त्यांच्याभोवती मी आणि हे सगळे एकाच दिशेने. हे चित्रकारानं एकट्यानं केलेलं नाही. खांब काढणाऱ्या सुतारानं आणि खिडकी नाकारणाऱ्या गवंड्यानं ते आधीच, साठेक वर्षं आधी, करून ठेवलं होतं.

चित्रकारांची नावं आहेत. लोयांगकडचा मा च्युनश्यांग, त्याचा मुलगा आणि बरोबरची माणसं. १३२५ हे साल भिंतीवरच लिहिलंय. एवढ्या मोठ्या कामावर कारागिराचं नाव राहणं हे भाग्यच.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मराठी माणसानं तिथं जरा जास्त वेळ थांबावं. वांग शुन या कला-इतिहासकारानं १९६३ मध्ये या आकृत्यांची ओळख पटवण्याचा मोठा प्रयत्न केला. त्यावर पुढे वाद झाले, अजून चालू आहेत. पण त्या मिरवणुकीत अठ्ठावीस नक्षत्रपुरुष आहेत आणि अकरा ज्योती आहेत. अकरा कशा? सूर्य, चंद्र, पाच ग्रह हे सात झाले. उरलेल्या चारांत दोन आहेत ‘लुओहोउ’ आणि ‘जीदू’. मोठ्यानं म्हणून बघा. लुओहोउ, जीदू. हो, राहू आणि केतू! भारतातून बौद्ध ज्योतिषग्रंथांबरोबर ते चीनला गेले आणि ताओपंथीयांच्या दरबारात त्यांना मानाची जागा मिळाली. आपल्याकडे नवग्रहांत कोपऱ्यात बसवून वर शांत करावी लागते, तिथं ते झुलत्या बाह्यांचे अंगरखे घालून आदितत्त्वाला वंदन करायला निघालेत.

छुनयांग दालनाबद्दल थोडक्यात सांगतो, खरं तर त्यावर स्वतंत्र बोलायला हवं. १३५८ मध्ये झू हाओगू या चित्रकाराच्या शिष्यांनी ते रंगवलं. ल्यू डोंगबिनच्या आयुष्यातले बावन्न प्रसंग, एकाला लागून एक, मध्ये डोंगर-ढगांच्या सीमा. देव इथं भिकारी होऊन येतो, चहाच्या दुकानात बसतो, आजारी बाईला बरं करतो. मागच्या दालनात मिरवणूक होती, इथं बाजार आहे. घरं, होड्या, स्वयंपाकघरं, भांडी. चौदाव्या शतकातलं रोजचं जगणं पाहायचं तर या भिंती पाहाव्यात. आणि कोनाड्याच्या पाठीमागच्या भिंतीवर एक मोठं चित्र: गुरू झोंगली छ्वान आणि तरुण ल्यू, ओढ्याकाठच्या खडकावर बसलेले. गुरू मोकळा, पोट सुटलेलं, हसत काहीतरी सांगतोय. शिष्य हात बाहीत घालून खाली बघतोय, अजून ठरत नाही त्याचं. संसार सोडावा की नाही? माझ्या मते आख्ख्या देवळातलं सर्वांत चांगलं चित्र हे आहे, सानछिंगच्या भव्यतेपेक्षाही. मतभेद असू शकतो.

पॉल कॅट्झ या अभ्यासकानं १९९९ मध्ये या देवळावर आणि ल्यू डोंगबिनच्या उपासनेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो दाखवतो की शिलालेखांतला ल्यू वेगळा, चित्रांतला वेगळा, गावकऱ्यांच्या गोष्टींतला आणखी वेगळा. एकाच आवारात तिन्ही. गावकऱ्यांचा हा मुद्दा मनात ठेवा, आता तो लागणार आहे.

१९५७ मध्ये पीत नदीवर सानमेनश्या इथं मोठं धरण बांधायला सुरुवात झाली, सोव्हिएत तज्ज्ञांच्या आराखड्यावर. योंगले गाव प्रस्तावित जलाशयात येत होतं. देऊळ हलवायचं ठरलं. आधी चित्रांच्या पूर्ण आकाराच्या नकला करून घेतल्या. मग १९५९ पासून प्रत्यक्ष काम.

इथं सांगाड्याचा गुण कळतो. चिनी लोकांत म्हण आहे, भिंत पडते, घर पडत नाही. कारण भार खांब-तुळयांवर असतो. भिंत नुसती भरलेली. खाच आणि खुंटीच्या जोडणीवर उभं असलेलं लाकूड जसं जोडलं तसं सोडवता येतं. तेव्हा दालनं हलवणं हे कठीण असलं तरी त्या बांधकामाच्या स्वभावातलं होतं. स्वभावाविरुद्ध होतं ते चित्र हलवणं. चित्र कशावर आहे? माती, भुसा, ताग, वाळू यांच्या गिलाव्यावर. सहाशे वर्षांचा वाळलेला चिखल! तो चेहरे आणि महत्त्वाचे भाग टाळून, बारीक करवतींनी शेकडो तुकड्यांत कापला, कापूस आणि कागद लावून पेट्यांत भरला, ट्रकनं नेला. नव्या जागी भिंतींच्या आत लाकडी चौकटी बसवून त्यांवर तुकडे जोडले आणि मागे हवा खेळायला पोकळी ठेवली. मग सांधे भरून रंगवले. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. दुष्काळाची वर्षं होती ती, हेही विसरू नका.

याच शान्सीतली दुसरी चित्रं आठवा. १९२०च्या दशकात इथल्या देवळांतली भित्तिचित्रं कापून विकली गेली; झू हाओगूच्या नावानं ओळखलं जाणारं एक मोठं चित्र आज टोरांटोच्या संग्रहालयात आहे. तिथंही करवत, इथंही करवत. टोरांटोचं चित्र मी पाहिलेलं नाही, पण छायाचित्रं पाहिली आहेत: उंच, प्रशस्त दालन, समोर बाकं, भरपूर उजेड. मागं सरकून आख्खं चित्र एका नजरेत दिसतं. आणि माझ्या मते तिथंच ते संपतं. रुईचंगला चित्राबरोबर अरुंद पथ आला, बंद भिंत आली, दक्षिणेचा तिरपा उजेड आला, समोरचा लांब रस्ता आला, दालनांमधली कमी होत जाणारी अंतरं आली. हलवणाऱ्यांनी अंतरंसुद्धा हलवली. म्हणून तिथं मला वस्तू वाटली नाही. गेल्या वेळच्या उत्तरातली माझी चूक ती होती: देऊळ म्हणजे दगड आणि लाकूड असं धरून मी बोललो. देऊळ पुष्कळसं मधल्या रिकाम्या मापांत असतं, आणि मापं नेता येतात.

पण मग दुरुस्ती, माघार नाही, असं का म्हणालो?

एक तर ते धरण. हुआंग वानली नावाच्या जलतज्ज्ञानं तेव्हाच विरोध केला होता, की या नदीत गाळ इतका आहे की जलाशय भरून जाईल. त्याला ‘उजवा’ ठरवून गप्प केलं. सप्टेंबर १९६० मध्ये पाणी अडवलं आणि दीड वर्षात गाळानं दाणादाण उडाली. मार्च १९६२ मध्ये पाणी साठवून ठेवण्याचं धोरणच बदलावं लागलं. मूळ आराखड्यातल्या पातळीपर्यंत पाणी कधीच गेलं नाही. तारखा शेजारी ठेवून बघा. रुईचंगला कारागीर चेहऱ्यांचे सांधे भरत होते, तोवर ज्या पाण्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या पाण्याचा हिशेब चुकलेला आहे हे कळून चुकलं होतं. स्थलांतराच्या स्तुतीत हा भाग सहसा येत नाही. आणि देवळाला पेट्या मिळाल्या, कापूस मिळाला. काही लाख माणसं त्या जलाशयासाठी उठवली गेली, त्यांच्या घरांची अंतरं कोणी मोजली नाहीत.

दुसरं, नाव. देवळाचं औपचारिक नाव वेगळंच, लांबलचक आहे, ‘महाशुद्धयांग दीर्घायुष्य प्रासाद’ अशा अर्थाचं. ‘योंगले गोंग’ म्हणजे नुसतं योंगलेचं देऊळ, गावाच्या नावावरून पडलेलं. आता देऊळ रुईचंगला आहे आणि नाव योंगलेचं. ल्यू डोंगबिन या मातीत जन्मला, म्हणून हे देऊळ इथं: हा त्या जागेचा एकमेव दावा होता. तो दावा पेटीत भरता आला नाही.

गोव्यातले कोणी आहेत का इथं? सांग्यातलं कुर्डी आठवा. साळावली धरणाच्या पाण्यात गाव गेलं. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, म्हणजे आपल्या संगीतातलं एक आडनावच पाण्याखाली आहे. तिथलं महादेवाचं जुनं दगडी देऊळ पुरातत्त्व खात्यानं सुटं करून धरणाजवळ उभं केलं. काम नीट झालंय, दगडावर दगड बरोबर बसलाय. पण दर मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीची माणसं कुठं जमतात? जुन्या गावाच्या चिखलात. सोमेश्वराच्या देवळाशी हिंदू, कपेलापाशी ख्रिस्ती. पडक्या जोत्यांवर उभं राहून हे आमचं घर, ही आमची विहीर असं पोरांना दाखवतात. दगड एकीकडे गेला, गाव दुसरीकडे जमतं. आर्किटेक्ट म्हणून मला महादेवाच्या देवळाचे आराखडे काढता येतील. मे महिन्यातल्या त्या जमण्याचा आराखडा कसा काढायचा, मला खरंच कळत नाही. आणि आपण वाचवतो ते बहुतेक वेळा ज्याचा आराखडा काढता येतो तेच.

तर त्या विद्यार्थिनीला आजचं उत्तर. आली आहेस का तू? हां. योंगले गोंगची इमारत तीच आहे, असं मी आता म्हणेन, आणि ठामपणे म्हणेन. योंगलेचं देऊळ ती आहे का, हे योंगलेच्या माणसांना विचारायला हवं होतं, आणि ते मी तिथं असताना विचारलं नाही. भाषेची अडचण होती, पण खरं सांगायचं तर सुचलंच नाही. मी भिंतींकडे बघत होतो.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांपैकी एकाने विचारले: पाहायला किती वेळ लागतो, आणि फोटो काढू देतात का?)

मी गेलो तेव्हा दालनांच्या आत फोटो काढू देत नव्हते, आणि ते बरंच आहे. रंगांसाठीही आणि आपल्यासाठीही. वेळ पूर्ण दिवस ठेवा. बहुतेक लोक सानछिंगमध्ये दोन तास घालवतात, मान दुखायला लागते आणि मग छुनयांगमधून दहा मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. सकाळी आधी सगळा अक्ष चालून शेवटच्या दालनापर्यंत जा, कुठंही आत न थांबता. मग उलटे या. दुपारनंतर ऊन दक्षिणेकडून कललं की सानछिंगमध्ये शिरा. हिवाळ्यात गेलात तर उत्तम, ऊन खोलवर येतं. फक्त थंडी फार असते, आणि दालनं गरम करत नाहीत.